ग्यानोबाची टोपी

हळदीच्या कारखान्यात पॉलिशचा ड्रम फिरायला लागला की शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून फाटकावरचे वॉचमन ग्यानोबा यांनी आपलीच एक रीत पाडली होती. कुणाच्या घरून वाईट निरोप आला की ते शेडच्या दारात येऊन डोक्यावरची टोपी काढत. मग ज्या बाईकडे ते बघत, ती पदर झाडत उठायची. टोपी डोक्यावरच असली की बाया समजायच्या, लेकरू रडत असेल फार तर.

मोबाईल ग्यानोबांच्या केबिनमधल्या फळीवर ठेवायचे, हा नियम जुनाच. "मामा, वाजला तर उचलत जा," एवढं सांगून बाया निर्धास्त कामाला लागत.

मग नवे मॅनेजर आले. त्यांना बायांचं मधेच उठणं खुपलं. भिंतीवर कागद चिकटला: कामाच्या वेळेत निरोप द्यायचा नाही, वॉचमनने फाटक सोडायचं नाही. ग्यानोबांनी मान डोलावली. आधीच्या ठिकाणाहून वय झालं म्हणून काढलेला माणूस, आणखी काय करणार? माझं तर म्हणणं आहे, असले नियम लिहिणाऱ्याला एक दिवस त्या केबिनमध्ये वाजणाऱ्या फोनांजवळ बसवावं.

एका सकाळी शेडमधल्या सपनाचा फोन वाजला. तिची आई माहेरी, डोंगरकडा गावी, अंथरुणाला खिळलेली होती. ग्यानोबांनी सवयीने उचलला. पलीकडे तिचा भाऊ रवींद्र होता.

"मामा, मायला लई तकलीफ होऊन राहिली. ताईचं नाव घेऊन राहिली. लवकर पाठवा."

ग्यानोबांनी ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन निरोप सांगितला. "जेवणाच्या सुट्टीत सांगा," मॅनेजर मान वर न करता म्हणाले. शेड तिथून हाकेच्या अंतरावर होती. ग्यानोबा परत येऊन खुर्चीत बसले. फोन पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. त्यांनी नंतर तो उचलला नाही.

सुट्टीची घंटा झाली तसे ते शेडच्या दारात गेले आणि त्यांनी टोपी काढली. सपना तशीच पिवळ्या हातांनी पळाली. ती माहेरी पोचली तेव्हा आईला शेवटची आंघोळ घालून झाली होती.

काही दिवसांनी ती राहिलेला डबा न्यायला आली. केबिनसमोर उभी राहिली.

"मामा, त्या दिशी सकाळीच तुमी फोन उचलला व्हता. रवींद्र बोलला. काहून न्हाई आलात?"

"नियम हाय, बाई."

"माय काय नियम पाहून मरती का?"

ती परत कामावर आली नाही. तिच्या वस्तीतल्या बायांनीही काम सोडलं. ऐन हंगामात ड्रम अर्धा दिवस बंद राहू लागला, तेव्हा मॅनेजर स्वतः जीप घेऊन गावोगाव बाया शोधत फिरले. कागद मात्र भिंतीवरून निघाला नाही. खड्डा दिसतो, पण त्यातला पाय कुणी काढत नाही.

नव्या बाया आल्या. त्यांतली एक, बेबीबाई, पहिल्या दिवशी मोबाईल पुढे करत म्हणाली, "मामा, घरी सासू आजारी हाय. वाजला तर सांगाल ना?"

ग्यानोबांच्या डोक्यावर आता टोपी नसते. त्यांनी मोबाईल घेतला नाही.

"बाई," ते म्हणाले, "सासूपाशीच ऱ्हा. माझ्या भरोशावर घर सोडू नका."