चौथं वचन घेऊन सिरोंच्याला

घुग्घुसहून सिरोंच्याला जायचं म्हटल्यावर मुलाने एकच विचारलं, "आई, एप्रिलात तिकडे कोण जातं?" त्याचं बरोबर आहे. हे वाचून तुमच्या मनात जायचं आलं, तर थंडीत जा. नदीला पाणी असतं आणि ऊन सोसतं. मला मात्र गुड फ्रायडेलाच जायचं होतं, आणि तो आमच्याकडे उन्हातच येतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून येशू सात वेळा बोलला, म्हणून सात जण उठतात आणि एकेका वचनावर बोलतात. पहिलं वचन क्षमेचं, ते सगळ्यांना हवं असतं. चौथं कुणालाच नको असतं. त्यात येशू देवालाच विचारतो की तू मला का सोडलंस. ज्याला आपण देव म्हणतो, तो असं कसं विचारेल? लोकांसमोर उभं राहून ह्याचं काहीतरी सांगावं लागतं. माझे यजमान सामुएल मूळचे सिरोंच्याचे. नोकरी कोळसा खाणीत, घर घुग्घुसला, पण दर गुड फ्रायडेला गावी जाऊन चौथं वचन तेच घ्यायचे, तेलुगूत. तिथे त्यांना सामेलन्ना म्हणायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ह्या वर्षी तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला, "बाई, सामेलन्नाच्या ठिकाणी तुम्ही बोलाल का?"

मी हो म्हटलं. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं वाचन घरात झालं, आधी ह्यांच्या पुस्तकांतून आणि मग मिळेल त्यातून. चर्चमध्ये प्रार्थना केली आहे, गाणी म्हटली आहेत, पण उभं राहून बोलले नव्हते. तरी हो म्हटलं, कारण चौथ्या वचनाबद्दल मला सांगायचं होतं. ह्यांच्या शेवटच्या आजारात मीही तोच प्रश्न विचारला होता.

बुधवारी पहाटे चंद्रपूरला गेले आणि तिथून आलापल्लीची एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे लांबचा प्रवास परवडतो. वेळापत्रकावर विसंबू नका, आदल्या दिवशी डेपोत विचारा. बल्लारपूर, गोंडपिपरी, मग आष्टीला वैनगंगेचा पूल. आष्टीपर्यंत रस्ता चांगला आहे. पुढे जंगल लागतं आणि एप्रिलमध्ये ह्या जंगलाला मोहाचा वास असतो. झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ केलेली, आणि बायका, पोरं, म्हातारे वाकून फुलं वेचत असतात. ड्रायव्हरने एका ठिकाणी गाडी हळू केली, कारण रस्त्यावरच फुलं वाळत घातली होती. त्याने शिवी दिली, पण फुलं वाचवून गाडी काढली.

शेजारच्या सीटवर आलापल्लीचे रहीमभाई होते, शिलाईकाम करणारे. मांडीवर कापडाचा गठ्ठा.

"कुठी चालल्या बाई?"

"सिरोंच्याले. चर्चमधी बोलायचं हाय."

"कायवर?"

"येशू देव हाय, यावर."

ते हसले. "हे तं तुमच्या लोकायले आधीच ठावं हाय नं! आमच्यासमोर बोलाल तवा खरी मजा."

"मंग तुम्हीच ऐका आता."

"नाई बाई, मजाक केला. आम्ही ईसा अलैहिस्सलामले मानतो, लय इज्जत करतो. पैगंबर हायेत ते. पण खुदा? खुदा मरते का कधी? हे मले समजत नाई, खरं सांगतो."

"मलेबी पटकन सांगता येत नाई, भाऊ."

"मंग तिथी जाऊन काय सांगान?"

"तेच सोचून राह्यली ना बसमधी."

"अरे मंग खिडकीपाशी या," म्हणत ते उठले. "हवा लागली का सुचते."

आलापल्लीला ते उतरले तेव्हा मला काहीच सुचलं नव्हतं, पण खिडकी मिळाली होती. आम्ही दोघांनी एकमेकांचं काही मान्य केलं नाही आणि दोघांनाही राग आला नाही. आमच्या भागात हे अजून होतं, ह्याचा मला अभिमान वाटतो.

आलापल्लीला गाडी बदलावी लागते, तिथेच जेवून घ्या. स्टँडसमोर साधी थाळी मिळते, भात पोटभर. पुढचे शंभरेक किलोमीटर कंबरेची परीक्षा आहे. रस्त्याचं काम सुरू आहे, कुठे गुळगुळीत, कुठे नुसती गिट्टी. वाटेत कमलापूरचा फाटा लागतो, तिथे हत्तींचा कॅम्प आहे. मुलं बरोबर असतील तर चुकवू नका. जिमलगट्ट्याला गाडी थांबली, तेव्हा एक गोंड बाई पानाच्या द्रोणात चारं विकत होती. पिकलेली काळी चारं, गोड, आत बी. ते बी फोडलं की चारोळी. मी दोन द्रोण घेतले आणि सिरोंचा येईपर्यंत बिया थुंकत गेले.

सिरोंच्यात राहायला साधे लॉज आहेत, खोली परवडते, फक्त कूलर चालतो का ते आधी बघा. मी सुगुणाकडे उतरले. ती ह्यांच्या चुलतभावाची मुलगी, अंगणवाडीत काम करते, मला पेद्दम्मा म्हणते, म्हणजे मोठी आई. मला तेलुगू येत नाही. संसारात ऐकून काही शब्द ओळखीचे झाले, बस. म्हणून माझं बोलणं वाक्यागणिक तेलुगूत सांगायचं काम तिच्याकडे होतं.

गुरुवारी संध्याकाळी राजन्ना गुरुजी आले. चर्चचे सगळ्यात वडीलधारे पंच, निवृत्त शिक्षक. ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला तिसरं वचन ठेवलं आहे. येशूने आईला शिष्याच्या हवाली केलं, ते. बायांना ते शोभतं. चौथं मी घेतो."

"मला तर चौथं म्हणून बोलावलं."

"ते अवघड आहे."

"तुम्हाला आवडतं का ते?"

गुरुजींनी खरं उत्तर दिलं. "नाही आवडत. पण मला त्यातून कसं निघायचं ते ठाऊक आहे. आपण म्हणायचं, येशू मनुष्य म्हणून रडला, देव म्हणून नाही. देवाला कुठे दुःख होतं? देवाला दुःख झालं म्हणणं म्हणजे देवाला लहान करणं. आणि बाई, त्या दिवशी बाहेर मांडवात आजूबाजूचे लोकही येऊन बसतात. लहानपणापासून ऐकतो आहे मी, तुमचा देव रडका. त्यांना आणखी बोलायला जागा कशाला द्यायची?"

माणूस चांगला आहे. आयुष्यभर टोमणे खाऊन त्याने चर्च सांभाळलं. म्हणून मी आवाज चढवला नाही.

"गुरुजी, सामुएलचा खोकला तुम्ही ऐकला होता ना?"

"ऐकला होता."

"तो त्यांच्या फुप्फुसातून येत होता. पण फुप्फुस खोकतं असं कुणी म्हणालं का कधी? सामुएल खोकत होते. अख्खे. तसं वधस्तंभावर जो होता, तो अख्खा होता. मनुष्य खाली रडतो आहे आणि देव वर बसून बघतो आहे, असे दोन नव्हते तिथे."

गुरुजींनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "सामेल पण असाच वाद घालायचा. घ्या चौथं." उठताना मात्र सुगुणाला तेलुगूत काहीतरी सांगून गेले. मी विचारलं तर ती म्हणाली, "नीट सांग म्हणाले, पेद्दम्मा." तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी पत्र्याखाली चर्च तापलं होतं. बाहेर मांडवात खरंच माणसं होती, काही नेहमीची, काही नुसती सावलीला आलेली. तिसरं वचन झालं आणि मी उठले. आवाज बरा लागला.

मी दवाखान्याचं सांगितलं. चंद्रपूरला, दुपारी, डॉक्टर आता आशा नाही असं सांगून गेल्यावर, मी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून देवाला विचारलं होतं, सोडलंस का आम्हाला? एक नर्स आली, पंखा बंद करून गेली. सुगुणा वाक्यामागून वाक्य सांगत होती. मग मी म्हटलं, "वधस्तंभावर नुसता एक चांगला माणूस होता असं समजा. मग सोडून दिलेल्या माणसांत आणखी एकाची भर पडली, एवढंच. मला त्याची दया येईल, पण मला त्याचा आधार कसला? आणि तो देव असेल, थोडा नाही, सगळाच्या सगळा, तर त्या व्हरांड्यात माझ्या आधी देव येऊन गेला आहे. तिथे देव रडला."

सुगुणाने सांगितलं. मी देवुडु शब्दाची वाट बघत होते, कारण देवाला तेलुगूत देवुडु म्हणतात हे मला ठाऊक आहे. तो आला नाही. तिने येसय्या म्हटलं, येशू.

मी थांबले. गुरुजी काल तिला काय सांगून गेले, ते मला कळलं.

"सुगुणा, मी देव म्हणाले."

चर्चमध्ये पुढचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुगुणाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी पहिल्या बाकावर, हात मांडीवर, हललेसुद्धा नाहीत. ते मानेने नाही म्हणाले असते, तर ती पोर काय करणार होती? तिला त्याच गावात राहायचं आहे. मी मराठीत कितीही ओरडले असते, तरी अर्ध्या लोकांपर्यंत ते तिच्या तोंडूनच जाणार होतं.

"पेद्दम्मा," ती हळू म्हणाली, "खरंच तसंच सांगू?"

"तसंच. कमी नको करू."

तिने पदर खांद्यावर ओढला, लोकांकडे तोंड केलं आणि सांगितलं. ह्या वेळी देवुडु आला. एकदा नाही, दोनदा. मी एकदाच म्हटलं होतं. मांडवातून कुणी हसलं नाही. पुढची वाक्यं तिने माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगितली, शेवटचं "जो तिथे रडला, तोच देव" हेसुद्धा. त्या मुलीचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या बोलण्याचा वाटला नाही.

तीन वाजता बाहेर ताक वाटत होते. गुरुजी जवळ आले. "बाई, सगळ्यांसमोर पकडलंत मला."

"तुम्हाला नाही, सुगुणाला पकडलं. तुम्ही मध्ये होतात."

"मला अजून पटलेलं नाही."

"पण तुम्ही तिला अडवलं नाही."

"सामेलची बायको आहात," म्हणून त्यांनी माझा पेला पुन्हा भरला. ही तक्रार होती की शाबासकी, मी विचारलं नाही.

तेवढ्यात एक म्हातारी आली. मासेमारांच्या घरातली. तिने माझा हात धरला आणि तेलुगूत बोलत राहिली. सुगुणाने सांगितलं, "हिचा मुलगा नदीत गेला, पेद्दम्मा. लय वर्षं झाली. ती विचारते, तो पाण्यात होता तेव्हा देव काठावर होता का पाण्यात?"

मला दिलासा म्हणून काही बोलायचं नव्हतं. जे खरं मानते तेच सांगायचं होतं.

"पाण्यात," मी म्हटलं.

सुगुणाने सांगितलं. म्हातारीने मान हलवली, हात सोडला आणि ताक घ्यायला गेली.

शनिवारी सकाळी सुगुणाने गोदावरीवर नेलं. एप्रिलात नदी वाळूच्या पट्ट्यांत विभागलेली असते, पलीकडे तेलंगणा. पूल ओलांडून कालेश्वरमला जाता येतं, रिक्षा मिळतात. वेळ असेल तर वडधमला जीवाश्म बघा, कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडली आहेत. दुपारी सुगुणाने चिंच घालून माशाचा रस्सा केला आणि भात. तिखट इतकं की डोळ्यांतून पाणी, पण मी तीनदा घेतला. मग परतीची गाडी.

घुग्घुसला उतरले तेव्हा शिफ्ट सुटत होती. मोटारसायकली, ट्रक, काळी धूळ. चार दिवसांत खिडकीवर तिचा थर बसला होता, तो पुसला. ह्यांचा फोटो पुसला. दुःख कमी झालं असं मी लिहिणार नाही, ते जितकं होतं तितकंच आहे. ज्या व्हरांड्यात मी एकटी होते असं मला वाटत होतं, तिथे एकटी नव्हते, हे मात्र मी आता चारचौघांत बोलून आले आहे आणि ते मला मागे घ्यायचं नाही.

सोमवारी सुगुणाचा फोन आला. ती म्हातारी मासळी बाजारात बसून गिऱ्हाइकांना माझं वाक्य सांगते आहे म्हणे, कुणी मासे घ्यायच्या आधी.

"कोणतं वाक्य गं?"

"तेच, शेवटचं. आयने देवुडु. तोच देव."

मी म्हणून पाहिलं. तिकडे सुगुणा खो खो हसली. "पेद्दम्मा, असं नाही, मासे विकल्यासारखं म्हणा. मोठ्याने."

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, बाहेर लोक कामावर निघाले होते. मी मोठ्याने म्हटलं.