भोंग्यातला कापूस

सोफे दुरुस्त करणाऱ्या माणसाला जुन्या आसनांच्या पोटात काय काय सापडतं ते विचारू नका. आमच्या गादीवाल्याला आजवर कात्र्या सापडल्या, चमचे सापडले, एकदा तर चक्क कोणाची तरी कवळी. पण “आतलं सगळं टाकून द्या” असं सांगून एका बाईंनी पाठवलेल्या लाकडी बाकातून किल्लीचा ग्रामोफोन आणि तबकड्यांची चळत निघाली, आणि गडी कामातून गेला.

घरी नेऊन त्याने किल्ली फिरवली. आधी काहीतरी तळल्यासारखी चरचर, मग एका बाईने असा सूर लावला की त्याची बायको हातातलं काम टाकून धावत आली.

“कोणाला काय झालं?”

“काही नाही गं, ऑपेरा आहे.”

ऑपेरा हा शब्द त्याने नुकताच तबकडीवर वाचला होता, तेवढंच त्याचं ज्ञान. गाण्यातलं अक्षर कळेना, पण गाणारी कोणावर तरी जीव ओवाळून टाकतेय हे कळलं. दुसऱ्या तबकडीवर नुसता पियानो होता. तो ऐकताना त्याचा चहा गार झाला.

खालच्या मजल्यावरची शेजारीण मात्र झाडूच्या दांड्याने छत ठोकू लागली. गादीवाल्याकडे सगळ्या दुखण्यांवर औषध एकच. ग्रामोफोनच्या पेटीत दडलेल्या भोंग्यात त्याने खोलवर कापूस कोंबला. शेजारीण गप्प झाली आणि हा पठ्ठ्या कापूस विसरूनही गेला.

त्यातच सासरेबुवा आले. जन्मभर लोकांच्या पियानोचे सूर लावून देणारा माणूस. बायको गेली, पाठोपाठ कान मंदावले, काम सुटलं. लेकीला ते कायमचे इथेच हवे होते. “पुरता बहिरा झालो तर तुमच्या गळ्यात पडणार नाही,” असं बजावून त्यांनी बॅग भरलेलीच ठेवली होती.

जावयाने मोठ्या हौसेने पियानोची तबकडी लावली. सासरेबुवा कानामागे हात धरून पुढे वाकले. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

“वरचे सूर ऐकूच येत नाहीत मला. संपलं. उद्या निघतो मी.”

लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेव्हा कुठे जावयाची ट्यूब पेटली. त्याने पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि कापूस ओढून काढला. पियानो खोलीभर खणखणला.

“बाबा, माझंच चुकलं, हा कापूस मी...”

“गप्प बस!”

सासरेबुवा डोळे मिटून ऐकत होते. बघता बघता कपाळावर आठ्या चढल्या.

“कोणत्या गाढवाने लावलाय हा पियानो? वरचा एक सूर सरळ उतरलाय! त्याला कान होते की बटणं?”

खालून झाडूचा दांडा वाजू लागला. लेक रडता रडता हसली आणि बॅगेतले कपडे कपाटात लावू लागली. आई गेल्यापासून बाबांनी आज पहिल्यांदाच कशाला तरी नावं ठेवली होती.