मोठेबाबांची काठी

आभाळ भरून आलं की मोठेबाबा अंगणात धावायचे आणि दोरीवरचे सगळे कपडे गोळा करायचे. माझी साडी मात्र काठीच्या टोकाने उचलून आणायचे, साप उचलावा तशी! मोठेबाबा म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न न केलेले. आमच्या आंधळगावाकडे भासऱ्याने भावसुनेला शिवायचं नाही, समोरासमोर बोलायचं नाही. मोठेबाबांनी त्यात साडीही धरली होती.

बोलण्याची तर आणखीच गंमत. माझी थोरली लेक गुड्डी व्हायच्या आधी ते गाईशी बोलायचे. "कपिले, चहा होऊन राहिला का?" मीही आतून गाईलाच उत्तर द्यायची, "हो म्हणावं, होऊन राहिला." गुड्डी झाली, निरोप तिच्यामार्फत जाऊ लागले आणि गाय बिचारी सुटली.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी नवरा हैदराबादला कामावर अडकला. त्यातच मला ताप आला आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. घराला बांबू आडवे लागले. आत उरली पाच वर्षांची गुड्डी, दीड वर्षाची छकुली आणि जन्मात कुणाचं नाक न पुसलेले मोठेबाबा.

छकुलीला माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळल्याशिवाय घास जात नसे. मी गेल्यापासून तिने दुधालाही तोंड लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोनवर तिचं रडणं ऐकू आलं, तेही क्षीण झालेलं. "मी पळून येते!" मी ओरडले. पलीकडून मोठेबाबांचा आवाज आला, "गुड्डे, आईले सांग, जाग्यावर राय म्हणा. मी आहो ना."

दुपारी गुड्डीने व्हिडिओ कॉल लावला. बघते तर काय, मोठेबाबा माझी हिरवी साडी नेसून ओसरीत बसलेले! डोक्यावरून पदर, खाली झुपकेदार मिशा. तरुणपणी गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, ते राणीचं सोंग घ्यायचे, त्यामुळे निऱ्या माझ्याहून नीट. छकुलीने पदर बोटाला गुंडाळला, मिशांकडे टकामका पाहिलं आणि आ केला. दूधभाताचा घास आत गेला. मग दुसरा. "जेवली! जेवली गं बाई माझी पोर!" मी रडत ओरडले आणि आमचा अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवू लागला.

बांबूपलीकडून शेजारीण किंचाळली, "अवं माय, भासऱ्यानं भावसुनेची साडी नेसली!"

मोठेबाबा पदर सावरून म्हणाले, "दंडारीत नेसत होतो तवा टाळ्या पिटत होत्या ना? मंग आता काहून तोंड वाकडं? पिटा टाळ्या!"

मी बरी होऊन घरी आले तेव्हा ते दारातच उभे होते, कडेवर गुबगुबीत छकुली. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले, "ये बाई. पोरी जेवल्या. आता तू जेव." मी वाकून पाय धरले. ते मागे सरले नाहीत.

आता आभाळ आलं की मोठेबाबा सगळे कपडे खांद्यावर टाकून आणतात, माझी साडी सगळ्यात वर. काठी त्यांनी दोडक्याच्या वेलाला दिली. वेल यंदा पार कौलांवर चढलाय.