गोदूबाईचं मूळ

गोदूबाईला कुणी अडाणी म्हटलेलं खपायचं नाही. खेडचा एक डॉक्टर एकदा म्हणाला, "बाई, ती मुळं चुलीत घाला." ती लगेच म्हणाली, "आधी तपासा, मग जाळा." बाई तशीच फटकळ. पण फुरसं चावलं की आसपासच्या वाड्या तिच्याच अंगणात यायच्या. ती मूळ उगाळून पाजायची. कसलं मूळ, ते नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं. सासूने, आनंदीबाईने, जाताना कानात सांगून बजावलं होतं, नाव चारचौघांत गेलं की औषधाचा गुण गेला.

मग कॉलेजातली सावनी आली. सापाच्या विषावर संशोधन करणारी पोर. गोड बोलून मूळ घेऊन गेली. झाड तिने ओळखलं, पण नाव फोडणार नाही असा शब्द दिला होता म्हणून गप्प राहिली. वर्षाने परत आली आणि म्हणाली, "आजी, काचेच्या नळीत तुमचं मूळ फुरशाच्या विषाचा एक भाग अडवतं. पुढेमागे यातून औषध निघेलही."

गोदूबाईला आभाळ ठेंगणं झालं. सावनीने तिचे हात धरले. "पण नळी वेगळी, माणूस वेगळा. पोटात घेतलेलं मूळ रक्तातल्या विषापर्यंत पोचतं का, ते कुणालाच ठाऊक नाही. तोवर दवाखान्यातलं इंजेक्शनच."

गावाने अर्धंच ऐकलं. 'गोदूबाईचं मूळ पास झालं,' असं मोबाइलवर फिरलं. देवळात शाल-नारळ झाला. बाई चार दिवस मिरवली, खोटं कशाला बोला!

आणि मग तुळसाला चावलं. कुंपणाच्या गडग्याचा ढासळलेला चिरा उचलताना फुरशाने तिचा हात धरला. नवरा रघू तिला रिक्षात घालून थेट गोदूबाईच्या दारात आला. मागोमाग वाडी जमली. हात कोपरापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. असं रक्त आलेलं माणूस आपल्या मुळाने उठलेलं गोदूबाईने कधी पाहिलं नव्हतं.

"उतरवू नको तिला. तशीच खेडच्या दवाखान्यात ने."

"काकी, आधी मूळ दे. मग जातो."

"मूळ दिलं की तू गुण येतो का बघत बसशील. माणसं तेच करतात. देत नाय मी."

"आता तर तपासून पास झालंय," रघू हट्टाला पेटला. "शाल घेताना बरी गोड लागली. आता माझी बायको मरायला टेकली तर नाय म्हणतेस?"

हे तिच्या वर्मी लागलं. क्षणभर वाटलं, द्यावं उगाळून आणि सुटावं. तुळसा रिक्षात डोळे मिटून कण्हत होती. गोदूबाई पायरी उतरून अंगणाच्या मधोमध उभी राहिली.

"ऐका सगळ्यांनी. माझं मूळ म्हणजे उपळसरी. तुमच्या बांधाबांधावर उगवते ती. उन्हाळ्यात सरबत करून पिता ती. सांगितलं नाव. आता गेला गुण. मागायला काय उरलं नाय."

कुणीतरी पुटपुटलं, "आनंदीबाईचं नाव बुडवलंस गो."

"बुडालं तर बुडालं. ती माझी सासू होती, तुझी नव्हे. तिला काय सांगायचं ते मी बघीन. रघू, बस गाडीत." आणि स्वतःही चढली. खेडपर्यंत तुळसाचा हात तिने हलू दिला नाही.

इंजेक्शनं लागली. तुळसा वाचली. एक बोट तेवढं वाकडं राहिलं. गावाने मात्र गोदूबाईशी अबोला धरला. तिने सावनीला फोन केला. "नाव मी सांगून टाकलंय. आता तूही उघड लिही. आणि औषध लवकर काढ, मी काय अजून मेले नाय."

पुढच्या गवतकापणीला पुन्हा कुणाला तरी चावलं. रिक्षा वाडीतून भरधाव येताना दिसली. सवयीने गोदूबाई सहाण घ्यायला उठली. रिक्षा तिच्या दारावरून न थांबता खेडकडे गेली. तिला वाईट वाटलं, खूप वाटलं. तरी रस्त्यावर येऊन तिने रिक्षावाल्याला ओरडून सांगितलं, "थांबू नको रे कुठे!"