सोबत्याला न सोडणारा

जळगावच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासला असोद्याहून एक जण यायचा, आणि गेम खेळावा तर त्यानेच! शिकवणं संपलं की सर अर्धा तास गेम खेळू द्यायचे. पात्रं इंग्रजीत बोलायला लागली की आम्ही धडाधड एंटर दाबून थेट लढाईवर. हा मात्र मांडीवर डिक्शनरी घेऊन, ओठ हलवत प्रत्येक वाक्य वाचायचा. वर आम्हालाच विचारायचा, "गोष्टच नाही वाचली, तं कोनासाठी लढू राह्यला भो?"

क्लासच्या शेवटच्या दिवशी तो राक्षसाच्या किल्ल्याच्या दारात पोचला आणि नेमका त्याचा सोबती जखमी होऊन पडला.

"सोड त्याला, आत घुस!" मी ओरडलो.

"पहिल्या गावापासून संगे आहे तो. कसा सोडू?"

तो सोबत्यापुढे ढाल धरून उभा राहिला. दोघंही मेले.

"दारापाशी सेव्ह आहे ना? तिथून घे!"

"तिथून तो पुन्हा पडीनच. त्याले पहिल्यापासून दणकट करतो."

"अरे, आज शेवटचा दिवस!"

"मंग पुढच्या बॅचले नाव टाकतो."

त्याने गेम पहिल्या गावापासून सुरू केला. त्या गावातला म्हातारा बोलायला लागला तसं माझं बोट सवयीने एंटरवर गेलं. मी ते मागे घेतलं आणि त्याच्यासोबत वाचायला लागलो.