एका दमातल्या अटी

रेडिओवर जुन्या गाड्यांची जाहिरात संपता संपता एक माणूस काहीतरी भरभर बोलून जातो आणि त्यातलं अक्षरही कुणाला कळत नाही. तो माणूस म्हणजे सुसाट. खरं नाव घरच्यांपुरतं. स्टुडिओत सगळे त्याला सुसाटच म्हणत. गाडीचं कौतुक करायला गोड गळ्याची एक बाई होती, ती अगदी लाडात येऊन बोलायची. तिचं झालं की उरलेल्या चिमूटभर वेळात यानं अटी कोंबायच्या. कोमट पाण्याचा घोट, पोटभर श्वास, आणि घोडं सुटलं: ‘अटी व शर्ती लागू, वाहनाच्या पूर्वेतिहासाची खात्री ग्राहकाने स्वतः करून घ्यावी.’ मध्ये श्वास घेतला तर तो कमीपणा वाटायचा त्याला.

घरी मात्र उलटा कारभार. चहा हवा का, याचं उत्तर येईपर्यंत चहा निवतो, असं बायको म्हणायची. एकुलती एक मुलगी लहानपणी बापाची नक्कल करून पाहुण्यांना हसवायची. जुन्या गाड्या विकणाऱ्या ज्या मालकाच्या जाहिराती सुसाट करायचा, त्याच्याकडूनच तिनं गेल्याच महिन्यात एक निळी गाडी घेतली. घेण्याआधी तिनं बापाला विचारलं होतं. सुसाट म्हणाला, चांगली आहे, घे. मालकाला त्यानं काहीही विचारलं नव्हतं. आपल्या माणसाला कोण फसवतो, असा त्याचा हिशेब.

मग नवा नियम आला. अटी किमतीइतक्याच सावकाश आणि तेवढ्याच मोठ्यानं ऐकू आल्या पाहिजेत. गाडी अपघातातली किंवा पाण्यात बुडालेली असेल तर जाहिरातीतच तसं सांगायला हवं. मालकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. सगळं पुन्हा रेकॉर्ड कोण करणार? त्यानं स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवाल्या बाईंना फर्मावलं की आहे तेच ढिलं करा, वेग कमी करून, म्हणजे नियमही पाळला गेला आणि कामही वाचलं. बाईंनी सुसाटला बसवून घेतलं. आपला आवाज ढिला झाल्यावर बरा लागतो का, ते त्यानंच ऐकायचं.

स्टुडिओची ती खोली भिंतींना जाड गाद्या ठोकलेली, बिनखिडकीची. दार लावलं की आपलं रक्त आपल्याच कानात वाजतं. बाईंनी एका पांढऱ्या गाडीची जाहिरात लावली आणि अटींपाशी वेग उतरवला. सुसाटचा आवाज सुटा सुटा होत गेला. ‘...ग्राहकाने... स्वतः... करून घ्यावी.’ इथं संपायला हवं होतं. तिथं एक श्वास ऐकू आला, आणि मग त्याच आवाजात, अगदी शांतपणे: ‘ही गाडी बुडाली होती. गाळ अजून पायाखालच्या मॅटखाली आहे.’

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हे तुम्ही कधी बोललात, असं त्यांनी विचारलं. सुसाटनं नकारार्थी मान हलवली. बाईंनी तेवढा तुकडा कापून टाकला आणि पुन्हा लावलं. वाक्य होतं तिथंच होतं.

सुसाट तडक गाड्यांच्या आवारात गेला. मालक जेवायला गेला होता, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं. त्यानं पांढऱ्या गाडीतली पायाखालची मॅट उचलली. खाली बोटभर गाळ, अजून ओलसर, आणि त्याला नदीचा वास. पांढऱ्या गाडीचं त्याला आता काही वाटत नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे निळी गाडी आली होती.

तो धावतच स्टुडिओत परतला. निळ्या गाडीची जाहिरात लावा, ढिली करून, असं तो म्हणाला तेव्हा त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. पुन्हा त्या अटी, पुन्हा तो श्वास. नको, काही नको, एवढंच तो मनात म्हणत राहिला.

‘ही एक गाडी नाही. मोडलेल्या दोन गाड्यांची अर्धी अर्धी धडं जोडली आहेत. जोड चालकाच्या सीटखाली आहे. तो सुटत आला आहे.’

दुपारी या वेळी मुलगी कामावरून परतायची, मोठ्या रस्त्यानं. त्यानं फोन लावला. घंटा वाजत राहिली. अख्ख्या आयुष्यात त्यानं कसली म्हणून वाट पाहिली नव्हती, ती सगळी आता पाहावी लागली.

“बाबा,” ती म्हणाली.

“गाडी थांबव. आधी बाजूला घे.”

“थांबवलीय केव्हाची. तुम्ही सांगितलंत ना.”

“मी कधी सांगितलं?”

“असं काय करता? आत्ता रेडिओवर. गाणं मध्येच तोडून तुमचा आवाज आला. इतकं सावकाश बोलताना पहिल्यांदाच ऐकलं तुम्हाला रेडिओवर. मी उतरून खाली वाकून पाहिलं, बाबा. बोट जाईल एवढी फट पडलीय.”

सुसाट भिंतीला टेकला. डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. पोर वाचली, पोर वाचली, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. गाडीपासून लांब उभी राहा, मी येतो, असं तो म्हणाला.

“बाबा, एक विचारू?” तिचा आवाज बारीक झाला. “गाडी मी बंद केलीय. किल्ली माझ्या हातात आहे. मग रेडिओवर हे अजून कसं काय बोलताय तुम्ही?”

तिनं फोन गाडीच्या खिडकीजवळ धरला असावा. सुसाटला त्याचाच आवाज ऐकू आला. दोन वाक्यांमध्ये नीट श्वास घेत तो आवाज सांगत होता: ‘तांबड्या गाडीचे ब्रेक जुनेच आहेत, वरून फक्त रंगवले आहेत. करड्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नाही, मागे मुलं बसवू नका. हिरव्या गाडीचा टायर आज फुटेल.’

एकामागून एक, त्यानं आजवर एका दमात उरकलेली एकेक गाडी येत होती. हे दुसऱ्या कुठल्या रेडिओवर लागलंय का, असं त्यानं बाईंना विचारलं. बाईंनी स्टुडिओतल्या रेडिओचं बटण फिरवून पाहिलं. सगळीकडे गाणी चालू होती.

बोलणं फक्त त्या निळ्या, बंद गाडीत चाललं होतं. सुसाट फोन कानाला लावून ऐकत राहिला. तांबडी कुणी नेली, करडी कुणी, हिरवी कुणी, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यांच्यापैकी एकाचाही फोन नंबर त्याच्याकडे नव्हता.