न विचारता सुटलेली गाडी

खोपटच्या एसटी स्टँडवर ते रोज दिसायचे. कंट्रोलर म्हणून रिटायर होऊन वर्षं झालेली, तरी कडक इस्त्रीची खाकी पँट, खिशात शिट्टी, आणि ताठ मान. त्या दिवशी मी भिवंडीच्या गाडीकडे धावत होतो, तर त्यांनी हात आडवा घातला.

"सावकाश हो. मी सांगितल्याशिवाय हलायची नाही ती."

मी मूर्खासारखा थांबलो आणि गाडी आमच्या डोळ्यांसमोरून निघून गेली.

"अहो, काय हे! कशाला अडवलंत मला?" मी ओरडलोच.

ते घड्याळात बघत पुटपुटले, "हल्ली मला न विचारताच सुटतात."

डोकं असं सणकलेलं! पुढची गाडी लागली. रागारागाने पायरीवर पाय ठेवला, आणि स्वतःवरच वैतागत मागे वळून विचारलं,

"साहेब, निघू का?"